हळद चांगली चढली

॥ श्री ॥

सुपेला, भिलाई
सोमवार, २ जून १९९७

चि. सौ. कौशल्या हिला सिंधूताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत, तुम्ही मंडळीही आमगावला खुशाल असाल. तुझ्या बाबांना आणि आईला माझ्या आईचा व बाबूजींचा नमस्कार सांग. मी आज माहेरी आले आहे. अक्षर माझं असलं तरी बाबूजी शेजारी खुर्ची टाकून बसलेत आणि एकेक वाक्य सांगताहेत, त्यामुळे पत्र जरा सरकारी वाटलं तर हसू नकोस.

हिरालालची कावीळ उतरत आली आहे. उतईच्या बैगाकडे झाडफुकीला दोनदा नेऊन आणलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले तर पाणी पिवळंधमक झालं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तेल-तिखट बंद आहे. उसाचा रस रोज पाजतो. मध्यंतरी रायपूरच्या दवाखान्यातही दाखवून आणलं, तिथल्या गोळ्या सुरू आहेत. पोट थोडं फुगलं आहे ते गॅसमुळे, असं बाबूजी लिहायला सांगतात.

येत्या रविवारी, म्हणजे ८ तारखेला, बाबूजी सकाळच्या पॅसेंजरनं तुला घ्यायला येत आहेत. नवऱ्यानं घ्यायला यावं ही रीत, पण अशक्तपणामुळे हिरालालला प्रवास झेपणार नाही, तरी तुझ्या घरच्यांनी राग मानू नये. वटपौर्णिमा तोंडावर आली. लग्नानंतरची पहिली वटसावित्री सासरीच झाली पाहिजे असं आईचं म्हणणं आहे. त्याच सुमारास राहिलेला सत्यनारायणही उरकून घेऊ. तरी सामान बांधून तयार राहावं.

आईनं तुमच्याकडचे चिनोर तांदूळ मागवलेत, जमले तर थोडे आण.

तुझी तब्येत कशी आहे ते मात्र मला कळव. भूक लागते ना? ताप वगैरे काही आला होता का? अंग दुखतं का? बाबूजी म्हणतात, हे काय विचारत बसली, पुरे कर.

तुझी,
सिंधूताई


सेक्टर ६, भिलाई
गुरुवार, ५ जून १९९७

कौशल्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आमच्या यांच्या हाती पाठवते आहे. उद्या त्यांची साप्ताहिक सुट्टी आहे, सकाळच्या गाडीनं निघून ते दुपारपर्यंत तुझ्या दारात येतील. पाकीट तिच्याच हातात द्या, तिच्या आईच्याही नको, असं बजावलं आहे. ते चहा नको म्हणतील, तू ऐकू नकोस, पाजच. ते चहा पीत असताना तू मागच्या अंगणात जा आणि एकटी बसून वाच.

इकडे ऊन नुसतं आग ओकतं आहे. कूलरचं गवत बदला म्हणून मी पंधरा दिवस ओरडते आहे, पण प्लांटमध्ये भट्टीपुढे आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला घरातली गरमी गरमी वाटतच नाही. आईचा मात्र उत्साह बघ. तुझ्यासाठी हिरव्या बांगड्या भरून ठेवल्यात, वडाच्या पूजेचं सूत आणलंय, सुपेल्याच्या बाजारातून फणी-करंडा आणलाय. शेजारच्या बायकांना बोलावून बोलावून दाखवते.

हे मी काय लिहीत बसले आहे! कूलर आणि फणी-करंडा. तुला हे सांगायला मी नवऱ्याला परगावी पाठवते आहे का?

सोमवारचं पत्र मिळालं असेल. त्यातलं अक्षर तेवढं माझं होतं. हिरालालची कावीळ उतरलेली नाही. ती उतरणार नाही. पोटात गॅस नाही, पाणी भरलं आहे. रायपूरला ते सुईनं काढलं, बादलीभर निघालं, आणि आता पुन्हा भरत आलं आहे. पाय सुजलेत. हातांच्या मात्र काड्या झाल्यात.

आता हे कधीपासून, ते सांगते. हे तू नीट वाच, कारण याचं तुला पुढे काम पडेल.

लग्नाच्या हळदीच्या दिवशी तू तुझ्या अंगणात बसली होतीस, तेव्हा इकडे आमच्या मांडवात पाच सवाष्णी हिरालालला हळद लावत होत्या. पहिला हात माझा होता. मी गालांना लावली, कपाळाला लावली, मानेला लावली. कौसाबाई नावाची आमची चुलत आत्या आहे, ती म्हणाली, “काय चढली व हळद! असी हळद म्या कोनाच्याच आंगावर नाई पायली.” सगळ्या बायकांनी तिचीच री ओढली. अंघोळीनंतर तो बाहेर आला तरी पिवळाच. आम्ही हसून हसून पडलो. मी म्हटलं, “घास रे मेल्या, नाई तं नवरी भिऊन पळून जाईन.” तो बिचारा पुन्हा मोरीत गेला आणि पुन्हा घासत बसला. त्याची कातडी लाल झाली, पण पिवळेपणा गेला नाही.

घरात हळद लावणाऱ्या आम्ही पाच जणी, माझ्यासारख्या दोन बाळंतपणं झालेल्या, लहान पोरांच्या काविळी पाहिलेल्या. एकीच्याही डोक्यात आलं नाही. तो जेवत नव्हता तर म्हटलं, लग्नाची ओढ आहे. दुपारी झोपून राहायचा तर म्हटलं, रात्रपाळ्या करून सुट्टी काढली आहे, दमला असेल. डोळे पिवळे दिसले तर मांडवातल्या चुलीचा धूर. काहीही झालं तरी आमच्याकडे उत्तर तयार होतं.

आणि तू विचारलं होतंस. सत्यनारायण व्हायचा होता म्हणून तू माझ्याजवळ निजायचीस. दुसऱ्या रात्री तू हळूच म्हणालीस, “ताई, यायचे डोळे असेच रायतात का व?” मी काय म्हटलं ते तुलाही आठवत असेल. “आतापासून नवऱ्याच्या डोळ्यात नको पाहू, सत्यनारायन होऊ दे आंधी.” तू चादर तोंडावर ओढून घेतलीस. मला वाटलं लाजलीस. भिलाईत आणि आमगावात मिळून दोन-अडीचशे माणसं जेवून गेली, त्यांच्यात तुला एकटीला दिसलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. मांडव परतायला तो तुझ्यासोबत आला, तुमच्याकडे तापानं फणफणला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच परत आला. कावीळ आहे हे तेव्हा कळलं. गल्लीतल्या लोकांनी विचारलं, पितो का? हथखोजच्या कारखान्यातले वेल्डर म्हटले की लोकांना बाटलीच दिसते. त्यानं कधी तोंडाला लावलेली नाही, हे तुला मी लग्नाआधी सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. मग उतई झाली, उसाचा रस झाला, आणि पोट फुगलं तेव्हा रायपूर.

रायपूरच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी बाबूजींना आणि मला आत बोलावलं. समोर कागद होते, पण त्या कागदाकडे न बघता आमच्याकडे बघून बोलल्या. “इनको बी वाला पीलिया है। पुराना है। लिवर बहुत खराब हो चुका है। और इनको एचआईवी भी है। हमने दो बार जाँच की है।”

कौशल्या, मी काय विचारलं असेल? मी विचारलं, “ताक दे सकते हैं क्या?” खरंच सांगते. त्या माणसाच्या बहिणीच्या तोंडून एवढंच निघालं. बाई म्हणाल्या, दे सकते हैं. मी मान हलवली, जसं काही सगळं समजलं.

बाबूजींना ते अक्षरांचं नाव कळलं नाही. बाईंनी विचारलं, “एड्स का नाम सुना है?” सुपेल्याच्या फाटकाजवळ भिंतीवर तो शब्द लाल रंगात लिहिलेला आहे. बाबूजी रिटायर होईपर्यंत रोज सायकलवर त्या भिंतीपुढून ड्युटीला गेले. त्यांनी हो म्हटलं आणि मग खुर्चीचा हात घट्ट धरला. तो शब्द मी आता तुला लिहिला. तीन दिवस टाळत होते.

बाईंनी समजावलं ते मला कळलं तसं लिहिते. हे दोन्ही रोग एकाच वाटेनं येतात, रक्तातून आणि नवरा-बायकोच्या संबंधातून. काविळीचे जंतू एकटे असते तर अंगानं त्यांच्याशी वर्षानुवर्षं झुंज दिली असती. पण दुसऱ्या रोगानं अंगातली झुंजायची ताकदच खाल्ली, म्हणून लिव्हर एवढ्या लवकर गेलं. औषधं निघालीत म्हणे, पण त्यांचा खर्च आमच्या आवाक्यातला नाही, आणि परवडली असती तरी त्या औषधांचा भार सोसायला लिव्हरच उरलेलं नाही. बाईंनी महिने सांगितले. वर्ष हा शब्द त्यांनी काढला नाही.

कुठून आलं, ते मी विचारलं. चार वर्षांपूर्वी कारखान्यात त्याच्या मांडीवर लोखंडी पत्रा पडला होता. एका खाजगी दवाखान्यात नेलं, रक्त फार गेलं होतं. तिथं एक माणूस रक्त विकत द्यायचा, त्याच्याकडून घेतलं. बाबूजी त्याच्या पाया पडले होते. शर्टपीस आणि नारळ दिला, पोराचा जीव वाचवला म्हणून. आता बाबूजी म्हणतात तोच तो. बाई म्हणाल्या, असेल किंवा नसेल, आता कोणीच सांगू शकत नाही आणि शोधून उपयोगही नाही.

मग त्यांनी विचारलं, “शादी हुई है?”

बाबूजी म्हणाले, “पिछले महीने।”

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. “लड़की कहाँ है?”

“मायके।”

“उसको सब बताइए। उसकी जाँच करवाइए। ये आपको करना ही पड़ेगा।” बाबूजींनी हात जोडून हो हो म्हटलं. बाहेर आलो. व्हरांड्यात पंख्याखाली मला थांबवून म्हणाले, “सिंधू, हे गोठ इथंच रायली पायजे. तुह्या मायले बी नाई सांगाची. आमगाववाल्याइले तं बिलकुलच नाई.”

मी म्हटलं, “अन् कौशल्या?”

“तिले घेऊन येतो. घरची लक्ष्मी घरात आली का पोराच्या जिवाले उभारी येईन. मायच्यानं आता होत नाई, करन ते सेवा. वेगळी निजवू तिले, कोन म्हनते का...”

“बाबूजी, बाईनं का सांगतलं ते आयकलं नाई का तुमी?”

“बाईचं का जाते व! उद्या लोक मयतीले बी नाई येतीन आपल्या घरी.” एवढं बोलून ते रडले. बाबूजींना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी माझा हात धरला, मला खाटेजवळ नेलं आणि हिरालालच्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मी घेतली. हिरालालला वाटलं, ताई डोक्यावरून हात फिरवते आहे. तो डोळे मिटून गोड हसला.

ती शपथ मी आता मोडते आहे. भावाच्या डोक्यावरची शपथ मोडली तर काय होतं म्हणतात ते मला माहीत आहे.  पण अशी शपथ पाळून माणूस वाचत असता तर आम्ही रायपूरला कशाला गेलो असतो? सुपेल्यातच एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून बसलो असतो. मला राग आला आहे, कौशल्या. कोणाचा ते कळत नाही. बाबूजींचा येतो, मग त्यांची चप्पल दारात उलटी पडलेली दिसते आणि जातो. त्या रक्त विकणाऱ्याचा येतो, मग वाटतं त्याला तरी कुठं माहीत होतं. धरायला कोणी सापडत नाही.

काल दुपारी मी सुपेल्याला गेले. आई देवळात गेली होती, बाबूजी तिकिटाची चौकशी करायला. हिरालाल एकटाच होता. त्याला डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातच सगळं सांगितलं आहे, हे बाबूजींना माहीत नाही. मी त्याच्या पायाशी बसले आणि म्हटलं, “हिरा, मी कौशल्याले लिहून राहिली.”

“का लिहितं?”

“सगळं.”

 तो पंख्याकडे बघत म्हणाला, “बाबूजी तुले घरात नाई येऊ देनार.”

“नको देऊ दे.”

“मी तिले हात बी नाई लावला, ताई. गाडीत बाजूले बसलो होतो तेवढाच. तिनं पानी मांगतलं तं मी माह्या उष्ट्या बाटलीचं देल्लं. त्यानं तं नाई होत ना काई?” हे विचारताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, नाही रे, पाण्यानं होत नाही, बाईंनी सांगितलंय, एका ताटात जेवलं तरी होत नाही. बाटलीवरून तो इतके दिवस झुरत होता.

मग त्यानं मला जवळ बोलावलं. हे त्याचे शब्द आहेत, मी माझं काही घातलेलं नाही: “तिले लिही, कोनी म्हनलं का तुह्या पायगुनानं झालं, तं आयकू नको. मी लगनाच्या आंधीचाच बिमार होतो. मायलेच म्या काल म्हनताना आयकलं. मायले माहीत नाई बिचारीले. पन तिले लिही.”

हो, आई म्हणते. तुझ्या बांगड्या शेजारणींना दाखवते आणि त्याच तोंडानं म्हणते की सून उंबरठ्यातून आत आली आणि पोरगा आडवा झाला. गल्लीतल्या बायकाही म्हणतात. उद्या काही बरंवाईट झालं की मोठ्यानं म्हणतील. म्हणून तुला वर सांगितलं की हळदीचं नीट वाच. तुझं पाऊल आमच्या घरात पडायच्या आधीच तो पिवळा होता. त्याला हळद चढली नव्हती, आम्हीच तसं म्हणालो. हे मी कोणापुढेही सांगायला तयार आहे.

त्यानं आणखी एक म्हटलं. “नाई आली तं मले राग नाई येनार. अन् आली तं...”  त्याला ताक पाजलं आणि निघाले.

आता तू काय करायचं ते. सोमवारी आईला घेऊन गोंदियाला जा आणि रक्त तपासून घे, दोन्ही रोगांचं. तुला काही नसणार असं माझं मन म्हणतं आणि बाईंचंही तेच म्हणणं पडलं, पण तपासून घे. बी काविळीची लस मिळते, ती टोचून घे. मी आणि आमच्या यांनीही घेतली.

रविवारी बाबूजी येतील. त्यांना दुष्ट समजू नकोस. पण ते टोपी काढून तुझ्या बाबांच्या पायांवर ठेवतील, मी ओळखते त्यांना. तुझे बाबा, भैयालालजी, मऊ माणूस आहेत, विरघळतील. म्हणतील, दिली ती दिली, बांध सामान. तेव्हा तू स्वयंपाकघरात रडत बसू नकोस. हे पत्र आणून सगळ्यांसमोर बाबांच्या हातात दे. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा म्हणावं. चुलीत घालू नकोस, माझ्या संसाराची काळजी करून लपवू नकोस.

मग तू ठरव. नाही म्हणालीस तर आमच्या घरातलं कोणी तुला बोल लावणार नाही. लावलाच तर तो मी निस्तरेन. यायचं म्हणालीस तर ये, मी स्टेशनवर उभी असेन, आणि त्याची सेवा आपण दोघी मिळून करू. मला काय वाटतं ते मी लिहिणार नाही. मी त्याची बहीण आहे, मला कोणी विचारूही नये. फक्त माहीत नसताना गाडीत बसू नकोस.

बाबूजी म्हणतील, हे अक्षर सिंधूचं नाही, कोणी वैऱ्यानं लिहिलं आहे. म्हणून खाली नाव पूर्ण लिहिते.

सौ. सिंधू पुंडलिक मेंढे,
माहेरचं नाव सिंधू मारोतराव हटवार,
हिरालालची सख्खी बहीण